चव कोणाची, धूर कोणाचा

महाराष्ट्रातल्या कोणत्याही हमरस्त्याने गेले तरी 'चुलीवरचे जेवण' अशी पाटी नजरेस पडतेच. पाटीवर मातीची चूल, तिच्यावर तवा आणि तव्यावर टम्म फुगलेली भाकरी चितारलेली असते. ज्या पिढीने आपल्या घरातून चूल हद्दपार केली, तीच पिढी आता चुलीवरच्या पिठल्यासाठी वाट वाकडी करते आणि चार पैसे अधिक मोजते. यात हसण्यासारखे काही नाही. चव आणि आठवण यांची गाठ जन्माची असते, आणि आठवणीसाठी माणूस याहून अधिकही मोजतो. मात्र त्या चित्रातली एक उणीव आम्हाला नेहमी खटकते. चुलीपुढे बसलेले माणूस त्या चित्रात नसते, आणि धूर तर नसतोच नसतो.

आम्ही हे बोलतो ते चुलीच्या पलीकडल्या बाजूने. आम्ही म्हणजे दोघे भाऊ, दोघी जावा आणि आमच्याबरोबर राबणारी दहा-बारा माणसे. पोखर्णीस आमचे जेवणावळींचे काम आहे. परभणीहून गंगाखेडकडे निघाले की वाटेत हे गाव लागते. परभणी–परळी लोहमार्गावरच्या आमच्या स्थानकाचे नावही 'पोखर्णी नृसिंह' असेच आहे, यावरून गावाची ओळख कोणामुळे, हे वाचकांच्या ध्यानात यावे. नृसिंह हे अनेकांचे कुलदैवत. त्यामुळे नवस, जावळ, लग्नानंतरचे दर्शन या निमित्ताने माणसे येतात, आणि माणसे आली की पंगती आल्या. वैशाख शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे नृसिंह जयंतीला, परभणीचा पारा चाळिशीच्या वर असतो. नेमका तेव्हाच आमचा हंगाम भरात असतो. बाकी वर्षभर लग्ने, वास्तुशांती, तेरावे आहेतच.

वडिलांच्या हातून हे काम आमच्याकडे आले. गेल्या वीस वर्षांत आमचा अग्नी तीन वेळा बदलला. लाकडावरून तो डिझेलवर गेला, डिझेलवरून गॅसवर, आणि आता काही अंशी वाफेवर. या बदलांत काय मिळाले, काय गेले आणि जे गेले ते नेमके कोणाचे गेले, हे तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी जुने स्वयंपाकघर कसे होते ते सांगितले पाहिजे. वस्तुतः त्याला घर म्हणणेही धाडसाचेच. पाचशे पानांची पंगत उठवायची तर मांडवाच्या मागे, वाऱ्याची दिशा पाहून, हात-दीड हात खोल लांबट चर खणायचा, त्याच्या काठांवर दगड नाहीतर विटा रचायच्या आणि ओळीने डेगा चढवायच्या. हे आमचे चुलवण. ते छपराखाली नसे आणि पुरते उघड्यावरही नसे. नृसिंहाने हिरण्यकशिपूला घरातही नाही आणि बाहेरही नाही, असे उंबरठ्यावर गाठले. आमचे चुलवणही तशाच उंबरठ्यावरच्या जागी पेटत असे, असे वडील थट्टेने म्हणत.

त्या चुलवणाचे एक शास्त्र होते. जळण म्हणजे नुसते लाकूड अशी आमच्याकडे समजूत नव्हती. तुराट्या लवकर पेटतात, भडका देतात आणि लगेच विझतात. त्या फोडणीच्या आणि पहिल्या उकळीच्या कामाच्या. पऱ्हाट्या थोड्या अधिक टिकतात. बाभूळ सावकाश पेटते, पण तिचा निखारा तासन्‌तास धुमसतो, म्हणून भात दमाला लावायचा तो बाभळीवर. आच कमी करायची तर जळते लाकूड मागे ओढायचे, वाढवायची तर आत सारायचे. याखेरीज दुसरी कळ नव्हती. हे ओढणे-सारणे करणारा माणूस वेगळा असे. त्याला जेवणावळीत आचाऱ्याइतकाच मान होता. आमच्याकडे हे काम ज्यांच्याकडे होते, त्यांना आम्ही सारे आबा म्हणत असू. आबा डेगेचे झाकण क्वचितच उघडत. डेगेपासून हातभर अंतरावर उकिडवे बसून ते ऐकत राहत. प्रथम खळखळ, मग जाड बुडबुड, मग पाणी आटत आल्याची बारीक चरचर. आम्ही पोरे शंका काढून झाकणाला हात घालू लागलो की ते म्हणत, "भात बोलायलाय, ऐकू येईना का तुला?" चरचर सुरू होताच ते खालचे लाकूड ओढून घेत आणि फावड्याने निखारे झाकणावर पसरत. पन्नास किलो तांदळाचा भात बुडाशी न करपता मोकळा उतरे.

हे वर्णन वाचून कोणाला हुरहूर वाटली तर आम्हाला समजते. आम्हालाही ती वाटते. परंतु त्याच चुलवणाच्या दुसऱ्या टोकाला चौघी बायका भाकऱ्या थापत बसलेल्या असत, आणि वारा फिरला की सगळा धूर त्यांच्याकडे जाई. पदराने डोळे पुसायचे तर हात पिठाचे. दिवसभराच्या कामानंतर खोकला रात्रभर झोपू देत नसे. एका लग्नात कोणी पाहुणा चुलवणापाशी येऊन भाकरीची वाखाणणी करू लागला, तेव्हा त्यांतली एक वर न पाहता म्हणाली, "चव तुमाला, धूर आमाला." तिच्या चार शब्दांत जे होते, तेच पुढे आकड्यांत आमच्या वाचनात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या स्वयंपाकाच्या व तत्सम धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. जेवणावळींच्या चुलवणाचा हिशेब यात कोणी वेगळा काढलेला नाही. तो काढण्यासाठी आम्हाला आकड्याची गरजही वाटली नाही.

बदलाला हे एक कारण होते. दुसरे कारण जळणाचे. मराठवाड्यात जंगल आधीच नावापुरते, बांधावरच्या बाभळी वर्षागणिक कमी होणाऱ्या, आणि पावसाळ्यात ओले लाकूड पेटवता पेटवता पंगतीची वेळ टळून जाई. येथे थोडा हिशेब मांडणे भाग आहे. सुक्या लाकडाच्या एका किलोत साधारण चार हजार किलोकॅलरी उष्णता असते, पण उघड्या चुलीत तिचा दहा ते पंधरा टक्के भागच भांड्याला लागतो. उरलेली उष्णता वाऱ्यावर, जमिनीत आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या अंगावर जाते. स्वयंपाकाच्या गॅसच्या एका किलोत सुमारे अकरा हजार किलोकॅलरी असतात आणि चांगली शेगडी त्यांतल्या साठ टक्क्यांहून अधिक भांड्याला पोचवते. गुणाकार केला तर एक किलो गॅस हा अकरा ते सोळा किलो लाकडाच्या तोडीचा ठरतो. म्हणजे १९ किलोची एक व्यापारी टाकी दोन ते तीन क्विंटल लाकडाचे काम करते. बैलगाडीभर लाकूड एका माणसाला खांद्यावरून आत नेता येऊ लागले, असे म्हटले तरी चालेल.

पण गॅस एकदम आला नाही. आधी डिझेलची भट्टी आली. तिला विजेवर चालणारा पंखा असतो, तो वारा मारतो आणि ज्योत निळसर होऊन फुत्कारते. ती आचेला जबर, पण तिचा आवाज इतका की शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावे लागे. आबांना त्या आवाजात भात ऐकू येईना. शिवाय ती भट्टी भारनियमनाच्या वर्षांत आली. ऐन पंगतीत वीज गेली की पंखा थांबे, ज्योत पिवळी पडून काजळी धरी आणि अर्धवट शिजलेले वरण डिझेलच्या वासाने वाया जाई. दोन हंगामांत ती आम्ही काढून टाकली.

गॅसने धूर गेला, आवाज गेला, पण नवी विद्या शिकावी लागली. मोठ्या बर्नरला एकच टाकी लावली तर पंधरा-वीस मिनिटांत तिच्या अंगावर दव धरते, कधी पांढरे हिमही दिसते, आणि टाकीत गॅस शिल्लक असताना ज्योत मरगळते. आतल्या द्रवाची वाफ होताना तो स्वतःचीच उष्णता ओढून घेतो, थंड होतो आणि थंड झाला की वाफ धरणे कमी करतो. बरेच आचारी अशा वेळी टाकीवर उकळते पाणी ओततात, कोणी तर टाकी शेगडीजवळ सरकवतात. हे जिवावर बेतणारे आहे. योग्य उपाय साधा असतो. चार टाक्या एका नळीला जोडून ओढा वाटून द्यावा, टाक्या स्वयंपाकाच्या जागेपासून लांब, उघड्या हवेत उभ्या ठेवाव्यात, आणि रबरी नळीऐवजी धातूची पक्की नळी आणावी. आमच्या पहिल्या जोडणीत साहित्य पुरवणाऱ्याने हलक्या झडपा बसवल्या होत्या. एका झडपेतून गॅस झिरपत असल्याचे साबणाच्या पाण्याने तपासताना ध्यानात आले. त्याने ती बदलून देण्यास दोन महिने लावले आणि तेवढा काळ आम्ही निम्म्या शेगड्या बंद ठेवून काम केले. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकाच्या जागेतून उठलेल्या आगीत ९४ मुले मृत्युमुखी पडली, हे ज्याने वाचले आहे त्याला झडपेची घासाघीस करवत नाही.

वाफेची कल्पना आम्हाला शिर्डीने दिली. तेथील साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयाच्या छतावर २००९ मध्ये ७३ अंतर्गोल आरसे बसवण्यात आले. वोल्फगांग शेफलर यांनी विकसित केलेल्या पद्धतीचे हे आरसे सूर्याबरोबर वळतात, ऊन एका बिंदूवर आणतात, तेथे पाण्याची वाफ होते आणि ती नळांतून खाली स्वयंपाकघरात येते. हजारो माणसांचा भात आणि आमटी त्या वाफेवर शिजावी अशी ती योजना. आम्हाला त्यात आरशांपेक्षा वाफेचे अप्रूप अधिक वाटले. ज्योत भांड्याच्या बुडाला एकाच जागी लागते, म्हणून वरणाचे बूड लागते आणि माणसाला उलथणे घेऊन सतत उभे राहावे लागते. वाफ मात्र दुहेरी भिंतीच्या भांड्याला सगळीकडून कवटाळते. एक किलो वाफ पुन्हा पाणी होताना सुमारे ५४० किलोकॅलरी भांड्याला देऊन जाते, आणि तिचे तापमान दाबानुसार १०० ते १२० अंशांच्या आसपास बांधलेले असते. करपायला याहून अधिक तापमान लागते. जिथे करपणेच शक्य नाही, तिथे ढवळणाऱ्याचा खांदा सुटतो.

शिर्डीचे वैभव आमच्या आवाक्यातले नव्हे. आम्ही गॅसवर चालणारे लहान बाष्पक घेतले आणि दुहेरी भिंतीची दोन भांडी, एक भातासाठी, एक वरणासाठी. तळण, फोडणी, भाजणे ही कामे मात्र गॅसवरच राहिली, कारण तेलाला आणि खमंगपणाला जी आच लागते ती वाफेच्या हाती नसते. अन्नाला तांबूस रंग आणि भाजल्याचा वास साधारण १४० अंशांच्या पुढे येतो. वाफेतला भात पांढरा शुभ्र, सारखा, निर्दोष उतरतो. त्याला खरवड धरत नाही. पंगत उठल्यावर डेगेच्या बुडाची खरवड मागायला येणारी पोरे दोन-तीन वेळा हात हलवत परत गेली आणि मग यायची थांबली.

येथे 'चुलीची चव' या शब्दांकडे नीट पाहावेसे वाटते. समीक्षेत जसे एखादे विशेषण वापरून वापरून पारदर्शक होते आणि त्यामागे काही आहे की नाही हे कोणी पाहत नाही, तसे या शब्दांचे झाले आहे. आम्ही दोन्ही अग्नींवर वर्षानुवर्षे रांधले आहे, म्हणून धीटपणे सांगतो. झाकण घट्ट लावलेल्या डेगेतल्या भाताला आणि वरणाला चुलीची म्हणून निराळी चव फारशी नसते. ती असते भाकरीला, निखाऱ्यात भाजलेल्या वांग्याला, खरवडीला. म्हणजे जिथे कोरडी, प्रखर आच आणि धूर अन्नाला थेट भिडतात तिथे. चव ही चुलीच्या पावित्र्यातून येत नाही, ती आचेच्या जातीतून येते. एवढे ओळखले की जे राखायचे ते निवडून राखता येते आणि बाकीचे निर्धास्तपणे सोडता येते. आम्ही एक चूल राखली आहे. तिच्यावर धुराडे बसवले आहे, ती वांगी भाजण्यासाठी आणि मागणी असेल तर भाकरीसाठी पेटते. वरण-भात तिच्यावर चढत नाही.

संस्कृत काव्यशास्त्रात 'पाक' हा शब्द कवितेच्या परिपक्वतेसाठी आला आहे. राजशेखराने काव्यमीमांसेत त्याचे नऊ प्रकार सांगितले आणि त्यांना फळाफळावळीची नावे दिली. त्यांत एक वार्ताकपाक, म्हणजे वांग्याचा. आरंभी मध्यम आणि शेवटी बेचव, असे त्याचे लक्षण. परभणीकडच्या माणसाने वांग्याची ही अप्रतिष्ठा सहन करू नये, पण ते असो. ध्यानात घ्यायचे ते हे की हे सारे लक्षण आस्वाद घेणाऱ्याच्या जिभेवरून ठरलेले आहे. शिजवणाऱ्याला काय झाले, हा प्रश्न त्या वर्गीकरणात येत नाही. आपल्याकडे अन्नावर जे ललित लिहिले जाते, तेही बहुतांशी जेवणाऱ्याने लिहिलेले असते. त्यात आईच्या हातची चव असते, आईचे डोळे क्वचित असतात.

याला एक ठळक अपवाद पाकपुस्तकांचा. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि 'अंदाजे मीठ' या शब्दांच्या जागी वाटी आणि चमचा आला. ज्या नवख्या सुनेला सासूच्या अंदाजाचा धाक होता, तिच्या हाती त्या पुस्तकाने प्रमाण दिले. अंदाज ही मोठी विद्या खरी, पण ती ज्याच्यापाशी असते त्याची सत्ताही असते. आमच्या वाफेच्या भांड्यावरचा दाबाचा काटा हे आमचे 'रुचिरा' म्हणावे लागेल. पूर्वी भात कधी उतरवायचा हे फक्त आबांना कळे. आता काटा आणि घड्याळ पाहून ते काम कालपरवा आलेली मुलगीही करते. ही मुलगी त्या भाकरी थापणाऱ्या बाईंचीच लेक. तिला आचारीण म्हणून रोज मिळतो, आईला मिळे त्याहून अधिक.

पण आबांचे काय झाले, हे न सांगता हा हिशेब मिटवता येणार नाही. आम्ही त्यांना काढले नाही. वाफेची भांडी आल्यावर प्रत्येक जेवणावळीला त्यांना बोलावत राहिलो, रोजही तोच ठेवला. पहिल्या दिवशी त्यांनी भांड्याला कान लावला. दुहेरी भिंतीतून काही ऐकू आले नाही. मग ते खुर्ची घेऊन भाजी निवडणाऱ्यांत बसले. पुढे एक-दोन हंगाम आले, मग प्रकृतीचे निमित्त सांगू लागले. त्यांना पैसे कमी पडले नव्हते. त्यांना लागत होते ते काम आमच्याकडे उरले नव्हते. ऐकून भात ओळखणारा त्यांच्यासारखा माणूस आता आमच्या पंचक्रोशीत आम्हाला ठाऊक नाही. ही विद्या कोणत्याही पुस्तकात उतरलेली नाही, आणि आम्हीही ती पुरती शिकून घेतलेली नाही.

या अनुभवातून पुढची यंत्रे घेताना आम्ही एक प्रश्न ठरवून विचारू लागलो. हे यंत्र कष्ट घेते की कमाई घेते? कणीक मळण्याचे यंत्र आले तेव्हा उत्तर सोपे होते. तीस किलो कणीक मळणे हे मनगट आणि पाठ मोडणारे काम, ते यंत्राने घेतले आणि कोणाचीही रोजी गेली नाही. तासाला शेकड्यांनी पोळ्या टाकणारे यंत्र पाहायला मात्र आम्ही गेलो आणि तसेच परतलो. ते घेतले असते तर चौघींचे हंगामाचे उत्पन्न बुडाले असते. त्या चौघी पोळ्या गॅसच्या लांब तव्यावर, उभ्याने, धुराविना लाटतात-भाजतात. उद्या त्याच म्हणाल्या की आता हात चालत नाहीत, यंत्र आणा, तर आणू. तो निर्णय त्यांच्या हातांनी व्हावा.

हा प्रश्न सगळीकडे लागू पडेल असे आम्ही म्हणत नाही. हजारोंचे अन्न रोज शिजवणाऱ्या संस्थांची गणिते वेगळी असतात, आणि शाळेतल्या पोषण आहाराच्या शेगडीवर तुटपुंज्या मानधनात राबणाऱ्या बचतगटांच्या बायकांना आधी चांगली शेगडी मिळो, मग तत्त्वचर्चा होईल. पण साधने बदलण्याची चर्चा आपल्याकडे दोनच सुरांत चालते. एक सूर विक्रेत्याचा, त्याला सगळे नवे तेवढे चांगले. दुसरा सूर हुरहुरीचा, त्याला सगळे जुने तेवढे चवदार. या दोन्ही सुरांत शेगडीपाशी उभ्या असलेल्या माणसाला बोलू दिले जात नाही. तव्यापाशी कोण उभे आहे, त्याच्या डोळ्यांत काय जाते, संध्याकाळी त्याच्या हातावर काय पडते आणि त्याला जे येते त्याची किंमत उद्या राहणार आहे की नाही, हे विचारल्यावाचून स्वयंपाकघराची सुधारणा म्हणजे केवळ खरेदी होय.

येत्या वैशाखात पुन्हा चतुर्दशी येईल, गर्दी होईल. कोणी पाहुणा मागच्या अंगणात डोकावेल, वाफेची भांडी पाहील आणि आता पूर्वीची चव राहिली नाही असे हळहळून म्हणेल. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. आम्ही त्याला धुराड्याच्या चुलीवर भाजलेल्या वांग्याचे भरीत वाढू आणि भाकरी देऊ. आणि भाकरी थापणाऱ्या बाईकडे पाहण्याची त्याला विनंती करू. ती आता खोकत नाही.